ग्रीष्मचक्रमीमांसा

मोटारीच्या टायरांचे जगात मुख्य दोन वर्ण आहेत: उन्हाळी आणि हिवाळी. हा भेद रबराने केलेला आहे. पारा सात अंशांच्या खाली उतरला की उन्हाळी टायरचे रबर ताठरते, रस्त्याला बिलगायचे सोडून देते आणि गाडी ब्रेकला जुमानत नाही. फिनलंडच्या लोकांनी १९३४ सालीच बर्फासाठी वेगळा टायर काढला. जर्मनीत ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी आणि ईस्टर ते ऑक्टोबर उन्हाळी असा रिवाज पडून गेला आहे, आणि २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. तिकडच्या घरोघरी चार टायर गाडीखाली आणि चार टायर तळघरात असे आठ टायरांचे संसार चालतात.

आता बुलढाणा जिल्हा घ्या. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले. हवा थंड म्हणून साहेबाला ते मानवले आणि जिल्ह्याचे ठाणे तिथे झाले. पण ती थंडी स्वेटरपुरती. टायर बदलायला लावील इतकी तिची ऐपत नाही. राजूर घाट उतरून खाली मोताळा, मलकापूर, नांदुऱ्याकडे आलात की मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि डांबर साठीच्या पुढे जाते. तेव्हा या जिल्ह्यात विकला जाणारा प्रत्येक टायर उन्हाळी असतो, जन्मतःच. खामगावच्या एका दुकानात ‘उन्हाळी टायर आहेत का’ असे विचारून पाहिले. गल्ल्यावरच्या माणसाने चष्म्यावरून पाहत विचारले, “मंग हिवाळ्यात गाडी बंद ठेवता का तुमी?”

प्रस्तुत विषयाचे पूर्वपक्षासह खंडन एका वाक्यात झाले. तरीही प्रबंध पुढे चालू ठेवण्यास दोन कारणे आहेत. एक, विषय संपला म्हणून प्रबंध थांबल्याचे उदाहरण आपल्या विद्यापीठांत नाही. दोन, क्षुल्लक गोष्टीवर गंभीर चेहऱ्याने लिहिण्याचा वारसा या जिल्ह्याकडे हक्काने चालत आलेला आहे. ‘सुदाम्याचे पोहे’ वाटणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर घाटाखालच्या खामगावात आणि जळगाव जामोदला वकिली करत, आणि वकिली कमी पडली म्हणून की काय, त्यांनी ज्योतिर्गणितावरही ग्रंथ लिहिला. जिथल्या वकिलाने ग्रहगोलांच्या फिरण्याचे हिशेब मांडले, तिथे मोटारीची चार चाके हिशेबाबाहेर राहावीत हे बरे नव्हे.

पूर्वसूरी

या विद्येत जर्मन माणूस अग्रेसर. तिथला मोटारवाल्यांचा क्लब एडीएसी आणि मोटारींची मासिके दर वर्षी उन्हाळी टायरांची तुलना छापतात. एकच गाडी, एकच चालक, टायर मात्र पाळीपाळीने बदलायचे. कोरड्या रस्त्यावर शंभराच्या वेगातून ब्रेक, ओल्यावर ऐंशीच्या वेगातून ब्रेक, साचलेल्या पाण्यातून सरळ जाणे, त्याच पाण्यातून वळणे, आवाज, झीज, इंधन. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनचा पोटेंझा, गुडइयरचा ईगल एफ वन, पिरेलीचा पी झिरो अशी मातब्बर मंडळी त्यात दर वर्षी परीक्षेला बसतात. या मंडळींना ‘अल्ट्रा हाय परफॉर्मन्स’ म्हणतात: रबर चिकट, खांदे घट्ट, बाजूची भिंत बुटकी. चांगला टायर ओल्या रस्त्यावर जिथे पूर्ण थांबतो, तिथे वाईट टायरवरची गाडी अजून चांगली वेगात असते. दोघांमध्ये शाळेतून सुटलेले पोर उभे असेल तर हा फरक क्षुल्लक राहत नाही, आणि म्हणून त्या मासिकांना मी हसत नाही.

अमेरिकेची पद्धत निराळी. टेक्सासमध्ये सॅन अँजेलो नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या ४०० मैलांच्या ठरलेल्या फेऱ्यावर गाड्यांचा तांडा ७,२०० मैल होईपर्यंत फिरवतात आणि टायर किती झिजला ते मोजतात. प्रमाण मानलेल्या टायरला १०० गुण. त्याच्या चौपट टिकण्याची लक्षणे दाखवील त्याला ४००. हा आकडा टायरच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ या शब्दाशेजारी कोरलेला असतो. चिकट रबराच्या मातब्बरांचा आकडा बहुधा तीनशेच्या आसपास घुटमळतो. साध्यासुध्या संसारी टायरांचा पाचशेलाही जातो. पकड आणि आयुष्य यांचा छत्तीसचा आकडा आहे. मिशेलिनने १९९२ च्या सुमारास रबरातल्या काजळीच्या जागी बरीचशी सिलिका घालून हे भांडण पुष्कळ मिटवले, पण पूर्ण मिटलेले नाही.

आपल्याकडे मूल्यमापनाची याहून जुनी परंपरा आहे. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मध्ये खड्डा, त्यात मातीची ढेकळे, त्यांवर घागर, पापड, कुरडई, पानसुपारी. भोवती अठरा धान्ये गोलाकार. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचे नाही. पहाटे धान्य किती सरकले, घागर किती झिरपली ते पाहून पावसापाण्याचे आणि पिकांचे भाकीत. साडेतीनशे वर्षांची ही चाल सांगतात. भाकीत खरे ठरते की नाही हा वाद अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी आणि हवामानवाल्यांनी घालावा. तौलनिक अभ्यासकाला एवढेच नोंदवायचे आहे की दोन्हीकडे गोल मांडणी असते आणि निकाल ऐकायला तोबा गर्दी होते. फरक इतकाच की भेंडवळचा श्रोता निकाल ऐकून निदान पेरणीचा विचार करतो. जर्मन निकाल वाचलेला आपल्याकडचा मोटारवाला शेवटी मेहुण्याने सांगितलेला टायर घेतो.

धावेचा काळ

उच्च कार्यक्षमतेचा खरा ग्रीष्म-टायर या भूमीत रबराच्या आधीपासून होता. त्याचे नाव धाव. तुंबा, आरे, पुठे असे लाकडाचे चाक सुताराने जुळवायचे आणि त्यावर लोहाराने लोखंडी पट्टीचे कडे चढवायचे. कडे मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान ठेवलेले. गोवऱ्यांच्या आगीत ते लाल होईपर्यंत तापवायचे, चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचे, घणाचे चार घाव, आणि लाकूड पेटायच्या आत पाणी. वाफेचा लोट उठतो, कडे आकसते आणि आरे-पुठे कडकडत एकमेकांत जातात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचे जे उदाहरण पाठ करून आपण दोन मार्क मिळवले, ते हेच. हिशेब करायचा तर सव्वा हात व्यासाचे नव्हे, चांगले चार फुटी चाक धरा: पाचशे अंशांनी तापलेल्या कड्याचा घेर दोन सेंटिमीटरांहून थोडा अधिक वाढतो. लोहार हे दोन सेंटिमीटर सूत्रावाचून, दोरीने आणि नजरेने काढत असे.

या टायरला उन्हाळ्याचा आजार होता. वैशाखात लाकूड वाळून आकसायचे, धाव सैल पडायची आणि गाडी खुळखुळू लागायची. उपाय म्हणून चाके ओढ्याच्या डोहात भिजत घालत. आजच्या मोटारवाल्याला हे वाचून हसू येईल. पण भर उन्हात गाडी उभी करून टायर फुटेल या धास्तीने त्यांवर बादलीने पाणी मारणारे लोक मी शेगावच्या वाहनतळावर पाहिले आहेत. डोह आटला, श्रद्धा टिकली.

१८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी पोराच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर केला. धंद्याने ते गुरांचे डॉक्टर. पुढे आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाड्या आल्या आणि कित्येक गावांत त्या डनलॉपच्या गाड्या म्हणूनच ओळखल्या गेल्या. गुरांच्या डॉक्टराने बैलांच्या खांद्यावरचे ओझे हलके केले, हे वैद्यकाच्या इतिहासात नोंदवायचे राहिलेले दिसते. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीतल्या, हलक्या गाड्यांचा विचार मात्र इथे केलेला नाही. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचे कायदे वैध ठरवल्यापासून पटावरचे उत्साही लोक चाकाच्या वजनाबद्दल जे बोलतात, ते ऐकून जर्मन मासिकांचे संपादक शिष्य म्हणून येतील.

प्रमाणविचार

न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. टायर खरेदीत चारही साधने एकाच दुपारी, एकाच दुकानात वापरली जातात.

प्रत्यक्षाची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे लाथ. गाडीपाशी आलेला कोणताही पुरुष, गाडी त्याची असो वा नसो, बुटाच्या टोकाने टायरला एक लाथ हाणतो आणि ओठ मुडपून मान हलवतो. या लाथेने नेमके काय कळते? रेडियल टायरच्या भिंतीला खाली थोडे पोट असतेच, आणि तेहतीस पौंड हवेच्या टायरला मारलेली लाथ व पंचवीस पौंडांच्या टायरला मारलेली लाथ बुटाला सारखीच लागते. तरी लाथ मारल्यावर माणसाच्या मुद्रेवर समाधान दिसते. म्हणजे ही कसोटी टायरची नसून माणसाची आहे, आणि तो दर वेळी उत्तीर्ण होतो.

खरे प्रत्यक्ष पाहायचे तर एखाद्या जुन्या जाणत्या टायरवाल्याचा हात पाहावा. मेहकरच्या रस्त्यावर एकाला पाहिले. त्याने काही विचारले नाही. उकिडवा बसला, टायरवर उजवा तळवा ठेवला आणि आतून बाहेर नेला. मग बाहेरून आत आणला. पुन्हा तसेच. जाताना गुळगुळीत, येताना तळव्याला दाते टोचले. “अलाइनमेंट गेलं,” तो म्हणाला. मग नख खाचेत खुपसले. दोन्ही कडा झिजलेल्या, मधला भाग उभा: हवा कायम कमी. मधला भाग झिजून कडा शाबूत असत्या तर हवा जास्त. खाचेच्या तळाशी रबराची एक लहानशी उंचवटी असते. नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली, आणि कायद्याने मोटारीच्या टायरचे आयुष्य तिथे संपले. आमच्याकडे अशा टायरला ‘गोटा झाला’ म्हणतात. गोटा झालेला टायरही पुढे एक उन्हाळा, एक लग्नसराई आणि एक पंढरपूर करतो, ही गोष्ट कायद्याच्या आणि प्रबंधाच्या, दोहोंच्या कक्षेबाहेरची.

अनुमान. जिथे धूर तिथे अग्नी, तसे जिथे अपघात तिथे ‘टायर फुटला’. हे वाक्य घटनास्थळी पोलिसांच्या आधी पोहोचते. इथे मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. तेव्हाही पहिले नाव टायरचेच आले. नंतर परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. टायर मुका आहे, त्याच्या नावावर काहीही खपते. त्याच वर्षी महामार्गाच्या प्रवेशावर टायर तपासून गोट्यांना परत पाठवायला सुरुवात झाली, हे चांगलेच झाले. पण झोपाळलेल्या डोळ्यांची नक्षी किती उरली हे मोजायचे यंत्र अजून नाक्यावर आलेले नाही.

उपमान म्हणजे मेहुणा. “आमच्या मेहुण्याच्या गाडीले हेच हायेत, साठ हजार चालले.” या विधानात गाडी कोणती, रस्ता कोणता, माणसे किती बसत, साठ हजार मोजले कोणी, यांतले काहीच नसते; मेहुणा असतो. संभाजीनगरला कंपनीत जाणारा मेहुणा सरळ रस्त्यावर एकटा बसून जातो. आपण देऊळगावराजाच्या बालाजीला सात माणसे, दोन पोरे आणि परतीला आमरसाचे डबे घेऊन येतो. भाराचा हिशेब टायरवर लिहिलेला असतो. २०५/५५ आर १६, ९१ व्ही अशी जी मंत्राक्षरे दिसतात, त्यांतली ९१ म्हणजे त्या टायरने जास्तीत जास्त ६१५ किलो उचलावे, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत त्याची हरकत नाही. एच असेल तर २१०. मेहुण्याच्या विधानाला यांतले एकही अक्षर लागू होत नाही, तरी बाजारात मोठा पुरावा त्याचाच. पुरेसे मेहुणे गोळा केले तर सॅन अँजेलोपेक्षा मोठा प्रयोग होईल, असे माझे मत आहे.

शब्दप्रमाण नावांत वसते. परदेशी टायरांची नावे वैमानिक, गरुड अशी चढत जातात. आपल्या एमआरएफने त्यांच्या जोडीला झेडएलएक्स, झेडव्हीटीव्ही अशी नावे ठेवली, जी ऐकून भूमापनाच्या जुन्या फाइली आठवतात आणि म्हणूनच भरवशाची वाटतात. याच कंपनीची सुरुवात १९४६ साली मद्रासजवळ खेळण्यातले फुगे करण्याच्या कारखान्याने झाली. फुग्यांपासून टायरांपर्यंतचा हा प्रवास मला फार तर्कशुद्ध वाटतो. त्याचे कारण वायुखंडात येईल. समृद्धीच्या एका अंगाला वाळूजला गुडइयरचा कारखाना, दुसऱ्या अंगाला बुटीबोरीला सिएटचा, आणि आमचा जिल्हा मधोमध. तेव्हा दोन्हीकडची वर्णने ऐकून घेण्याची सोय उत्तम आहे. सर्वांत खरा शब्द मात्र टायरच्या बाजूवर चार आकड्यांत लिहिलेला असतो आणि तो कोणी वाचत नाही. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर न वापरताही म्हातारा होतो. ऊन त्याला आधी म्हातारा करते. ‘एकदम नवा माल’ म्हणून पुढे केलेल्या टायरची ही जन्मपत्रिका पाहिली की दुकानदाराला अचानक दुसऱ्या गिऱ्हाइकाची आठवण होते.

स्थानिक कसोट्या

आता या जिल्ह्यात विकसित झालेल्या कसोट्या. पहिली लिंबाची. नवी गाडी घेतली की ती आधी शेगावला गजानन महाराजांच्या पायाशी न्यायची, हार घालायचा, आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवून गाडी पुढे घ्यायची. ओल्या पृष्ठभागावरच्या पकडीची इतकी आटोपशीर चाचणी जगात दुसरी नसेल. चाक लिंबावरून सरळ गेले तर टायर उत्तम. लिंबू निसटून पळाले तर मुहूर्त चुकला. आजवर या चाचणीत एकही टायर नापास झालेला माझ्या ऐकिवात नाही, आणि निकालाच्या या शंभर टक्क्यांबाबत शिक्षणखात्याने चौकशी करावी.

दुसरी काट्याची. शेताच्या वाटेवर कुंपणाला लावलेल्या बाभळीचा काटा बुटकी भिंत आणि चिकट रबर यांना विशेष मान देत नाही. तिसरी काळ्या मातीची. मृगाच्या दुसऱ्या सरीनंतर पूर्णाकाठच्या पांदण रस्त्यावर पायलट स्पोर्ट, पोटेंझा आणि बिनानावाचा गोटा यांची तुलना केली तर तिघेही पन्नास पावलांत एकसारखे दिसू लागतात: नक्षी माती गिळते आणि चार गुळगुळीत काळे गोळे जागच्या जागी फिरत राहतात. त्यानंतरचे संशोधन ट्रॅक्टर करतो.

चौथी कसोटी घाटाची. जर्मनांचा न्युर्बुर्गरिंग हा शर्यतीचा मार्ग २०.८ किलोमीटरांचा, ७३ वळणांचा. मध्य प्रदेशात पिथमपूरला २०२१ साली सुरू झालेली ११.३ किलोमीटरांची गोल धावपट्टीही नामांकित आहे. परंतु राजूर घाटात समोरून कापसाने फुगलेला ट्रक, मागे हॉर्नवरच गाडी चालवणारी काळीपिवळी, कठड्यावर माकडे आणि मागच्या सीटवर “थांबा, मले मळमळते” म्हणणारी आत्या, या चारांचे एकत्रित अस्तित्व न्युर्बुर्गरिंगवर निर्माण करता आलेले नाही. अशा वेळी टायरची बाजूची पकड हा दुय्यम मुद्दा ठरतो.

खड्ड्यांची कसोटी मी वगळणार होतो, कारण त्यावर विनोद करणे आता सरकारी कामकाजाचाच भाग वाटतो. पण लोणारला वगळून चालायचे नाही. १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा जिल्ह्यातला सर्वांत मोठा, आणि तो उल्कापाताने पडला असल्याने सार्वजनिक बांधकाम विभाग निर्दोष आहे. तो केव्हा पडला यावर मतभेद आहेत. एक शोध सुमारे ५२ हजार वर्षे सांगतो, दुसरा ५ लाख ७० हजार. बाकीच्या खड्ड्यांच्या कालनिर्णयातही साधारण एवढीच तफावत आढळते.

आणि टिकाऊपणात जिल्ह्याचा विक्रम कोणाच्या नावावर असेल तर तो एका वाघाच्या. टिपेश्वरहून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालून २०१९ च्या डिसेंबरात बुलढाणा आणि खामगाव यांच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या पंजांचे ट्रेडवेअर कोणी मोजले नाही. शेते, ओढे, डांबर, दगड, सगळ्यांवरून तो एकाच संचावर आला, आणि एकदाही हवा भरली नाही.

वायुखंड

इथे प्रबंधाचा गाभा येतो, आणि तो रबराचा नाही. दीड टनाची गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. तिचे ओझे तोलून धरते ती आत कोंडलेली हवा. रबर हे त्या हवेचे भांडे. आपण पंधरा दिवस भांड्यांची तुलना करतो आणि आतल्या मालाकडे सहा-सहा महिने पाहत नाही.

मे महिना लागला की जिल्ह्यात दोन संप्रदाय समोरासमोर येतात. पहिला ‘कमी हवा’वाल्यांचा. त्यांचा युक्तिवाद असा: उन्हाने हवा फुगते, फुगली की टायर फुटतो, सबब आधीच चार-पाच पौंड काढून टाकावी. ऐकायला हे इतके सरळ आहे की घाटाखालचे अर्धे शहाणे या संप्रदायात आहेत. दुसरा ‘पूर्ण हवा’वाल्यांचा. त्यात थोडे मेकॅनिक, थोडे भौतिकशास्त्राचे मास्तर आणि प्रस्तुत लेखक.

पहिल्यांचे अर्धे म्हणणे खरे आहे. हवा दहा अंशांनी तापली की दाब साधारण दीड पौंडाने वाढतो. सकाळी अठ्ठावीस अंशांत ३३ भरलेली हवा समृद्धीवर दुपारी पस्तीस अंशांनी तापली तर काटा ३८-३९ दाखवील. पण टायर करणाऱ्याने ही वाढ धरूनच थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो. खरा घात दुसरीकडून होतो. ताशी १२० च्या वेगात मघाच्या त्या सोळा इंची रिमवरच्या टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला सुमारे १७ वेळा रस्त्याखाली दबून चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. हवा कमी असेल तर हे दबणे जास्त, दबणे जास्त तर रबराच्या आतल्या घर्षणाची उष्णता जास्त, आणि सिमेंटच्या त्या तापलेल्या सरळ पट्ट्यावर ती बाहेर पडायला वाव कमी. थर सुटू लागतात आणि एका क्षणी भिंत जाते. म्हणजे फुटू नये म्हणून काढलेली हवाच फोडायला मदत करते. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डीचा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर झाले, आणि जन्मभर पन्नास-साठने चाललेले आमचे टायर न थांबता दोन-दोन तास शंभराच्या वर पळू लागले. चूक तीच होती; तिला आता अंतर मिळाले.

पावसाळ्यातही हवेचेच राज्य. १९६३ च्या सुमारास नासाच्या हॉर्न यांनी विमानांच्या टायरांसाठी एक सूत्र दिले: दाबाच्या वर्गमुळाला १०.३५ ने गुणा, येईल तो ताशी मैलांतला वेग. त्यापुढे टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो. ३३ पौंडांना हे उत्तर येते सुमारे ९६ किलोमीटर. पंचवीस पौंडांना ८३. नक्षी शाबूत असेल आणि पाणी उथळ असेल तर थोडी सूट मिळते. गोट्याला सूट नाही. जर्मन मासिकांतला पहिला क्रमांक पंचवीस पौंडांवर चालवला तर तो याच रांगेत येऊन उभा राहतो.

नायट्रोजनचा पंथ स्वतंत्र. आपण पेट्रोलपंपावर फुकट भरतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्या बावीस टक्क्यांचे पैसे द्यायचे असतात. नायट्रोजन कोरडा असतो, बाष्पाची कटकट नाही, एवढा गुण मान्य. पण हिरवे टोपण लागले की पुढचे वर्षभर हवा पाहायची गरज नाही अशी जी मनःशांती लाभते, ती कोणत्याही वायूत नाही.

योग्य आकडा किती, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर छापलेले असते. एकट्याने जाताना किती, भरल्या गाडीला किती, पुढे किती, मागे किती. दार दिवसातून दहा वेळा उघडले जाते. मी परिचितांना विचारून पाहिले. बहुतेकांना तो कागद गाडीच्या विम्याचा वाटत होता.

निष्कर्षाची मागणी होईल म्हणून खामगावच्या त्याच दुकानात पुन्हा गेलो. मातब्बर टायरांची यादी वाचून दाखवली, ओल्या पकडीचे आकडे सांगितले, ट्रेडवेअर समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. “भाऊ, टायर तं सारेच गोल असतेत. तुमी हवा कवा पायली होती?” मी विषय सिलिकाकडे वळवला.

पाचव्या टायरचा, म्हणजे स्टेपनीचा विचार प्रस्तुत प्रबंधात केलेला नाही. तो उन्हाळी की हिवाळी, कोणत्या आठवड्यातला, त्यात हवा तेहतीस की तेरा, हे ठरवण्यासाठी तो आधी दिसला पाहिजे. सध्या त्याच्यावर तुरीच्या डाळीचे अर्धे पोते, लोणच्याची बरणी, दोन सतरंज्या, गेल्या लग्नातला न वाटलेला आहेर आणि परत करायचा राहिलेला मेहुण्याचा जॅक आहे. पुढील अभ्यासकांनी डिकी रिकामी करण्याच्या तयारीने यावे.